पुन्हा विचारण्याआधी

ता. ३० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे ठीक. गोदामात आमच्या हातातली मशीन प्रत्येक पार्सल दाखवून दूरच्या कॉम्प्युटरला विचारते, हे कुठं जायचं? त्याला रिक्वेस्ट म्हणतात. परवा उत्तरच येईना. मी आपला बटण दाबत सुटलो, माझं बघून सगळेच. तो कॉम्प्युटर बिचारा जरा उठायचा की आम्ही सगळे अंगावर, परत आडवा.

इंजिनियर बाई रागावल्या नाहीत. आता मशीनलाच नियम घालून देतायत. उत्तर नाही आलं तर थोडं थांब, मग दुप्पट, मग त्याच्याही दुप्पट. प्रत्येक मशीनचं थांबणं जरा पुढंमागं, म्हणजे एकदम गर्दी नको. तरी जमेना तर नाद सोड, माणसाला सांग.

म्हणून तुला सांगतोय. आबा माझा फोन घेत नाहीत. न विचारता निघून आलो, तो राग असणार. रविवारी लावतो, वाजून बंद पडतो. लगेच परत लावला की नुसतं टूं टूं. रिसीव्हर काढून ठेवत असतील. सोडून देऊ का लावायचं?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मुद्दाम आबांकडे जाऊन बसले. ते मागच्या अंगणात होते. फोन वाजला तशी काठी शोधली, गुडघा धरून उठले. पोचेपर्यंत बंद. लगेच तुझा नंबर फिरवला, आणि तेव्हाच तू इकडं लावत होतास. म्हणाले, "बघ, मी लावला की बिझी. रुसलंय पोरगं."

अरे वेड्या, मशीनला शहाणपण शिकवतायत, मग तू का नाही शिकत? एकदा वाजव आणि गप्प बस.

तब्येत सांभाळ, आम्हाला आठवत राहा.
तुझी ताई

ता. २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल एकदाच लावला. बंद पडल्यावर फोन खिडकीत ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसलो. पडदा हळूहळू फुगत होता. खाली कुणी चादरी झटकत होतं. मनातल्या मनात मी आबांबरोबर चालत निघालो. अंगण, पायरी, उंबरा. उंबऱ्याशी ते दम खातात, मीही थांबलो. मग ती खुर्ची, जिला हात टेकतात. तिथं पोचलो आणि फोन वाजला.

मी उचलला. आबाच म्हणाले, "ठेवू नकोस. बसू दे मला आधी."

मी थांबलो.

असाच जीव लावत राहा.
तुझा धाकटा