चिपाडाची गाडी

बाई,

गेल्या आठवड्यात जुळे सोलापुरातल्या एका हॉलमध्ये मी चाळीस अंगणवाडी सेविकांसमोर चिपाडाची बैलगाडी करून दाखवली. आमच्या खात्याचं नवीन परिपत्रक आलंय. लहान मुलांच्या खेळात आणि चित्रांत माती, बिया, पानं, काड्या अशा आसपास मिळणाऱ्या वस्तू वापराव्यात, असं त्यात लिहिलंय, आणि त्याचं प्रशिक्षण मी द्यायचं होतं. ज्वारीचं वाळलेलं ताट सोललं, आतलं पांढरं भेंड वेगळं केलं, सालीच्या खिळ्या करून त्यात खुपसल्या. बसायचा साटा झाला, चाकं झाली, जू झालं. हात आपले आपले चालत होते. अक्कलकोटकडच्या एक सेविका पुढे वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचा हात लई बसलाय की. कुटं शिकलात?" मी म्हणाले, "ट्रेनिंगला." आणि पुढची स्लाइड लावली.

त्यानंतर आठ दिवस झाले. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. जेवले, ऑफिसला गेले, अहवाल पाठवला. आज रविवार, घरी कुणी नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आपल्या बालवाडीला तेव्हा एकच खोली होती. मंगळवेढ्याच्या रस्त्याला गावाच्या कडेला, मागे लिंबाचं झाड आणि त्यापलीकडे सगळं काळं रान. सरकारकडून पाटी आणि खडू सोडले तर काही येत नसे, आणि तुम्हालाही त्याची वाट बघताना कधी पाहिलं नाही. तुम्ही आम्हाला रांगेत घेऊन ओढ्यापर्यंत जायचात. येताना सगळ्यांचे झगे भरलेले असायचे. बाभळीच्या शेंगा, करंजाच्या बिया, चिंचोके, गुळगुळीत खडे, कुणाच्या हातात एखादं मोराचं पीस. मी तर कच्च्या शेंगांची फांदीच मोडून आणली होती. तुम्ही ती हातात घेऊन उलटसुलट बघितलीत. "खाली पडल्यालं कमी हाय का गं? झाड काय पळून चाललंय?" एवढंच. मारलं नाही, पण दिवसभर ती फांदी तुम्ही टेबलावर ठेवलीत आणि संध्याकाळी पानं मलूल झाल्यावर मला जवळ बोलावून दाखवलीत.

लिंबाची काडी चावून तिचा कुंचला करायचा, हळद, काव आणि कोळसा कालवून रंग. मी डावखुरी. घरी त्या हाताने घास उचलला की फटका बसायचा. पहिल्याच दिवशी मी कुंचला उजव्या हातात धरून ओल्या भिंतीवर काहीतरी गिरगटत होते, तर तुम्ही मागून आलात आणि काडी काढून माझ्या डाव्या हातात दिलीत. "ह्या हातानं काड. हितं कोण बघत न्हाय." बेंदराच्या सणाआधी काळ्या मातीचे बैल केले तेव्हा माझा बैल पायावर उभा राहीना, म्हणून तुम्ही त्याला बसवलंत आणि रवंथ करतोय म्हणालात. घरी गेल्यावर मी आईलाही तेच सांगितलं.

मग मी शिकले, परीक्षा दिल्या, पर्यवेक्षिका झाले. काही वर्षं माढ्याकडे होते, मग बदली होऊन मंगळवेढ्याला आले, आणि माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या यादीत आपलं गाव होतं. बालवाडीची अंगणवाडी झाली होती, खोली तीच, सेविकाही तुम्हीच. मी मुद्दाम तिथली भेट पुढे ढकलत होते. का, ते आता नीट सांगता येत नाही. मग तक्रार आली आणि जावंच लागलं.

दोन वर्षांचं एक पोर बहिणीबरोबर अंगणवाडीत आलं होतं आणि त्याच्या नाकात चिंचोका गेला होता. तुम्हीच त्याला उचलून जीपने तालुक्याच्या दवाखान्यात नेलंत. डॉक्टरांनी मिनिटभरात चिमट्याने काढला. पण पोराच्या आईने अर्ज दिला होता, आणि तो फाइलला लावून मी तुमच्या दारात उभी होते. तुमचे केस पांढरे झाले होते. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "या मॅडम." ओळखलंत की नाही, कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

मी विचारलं, "हे सगळं कशाला ठेवलंय?" फळीवर डबे होते, बियांचे, खड्यांचे, सालींचे. कोपऱ्यात चिपाडं, बादलीत भिजवलेली माती. शेजारी खात्याने पाठवलेली प्लॅस्टिकच्या खेळण्यांची पेटी, अजून दोरीसुद्धा न सोडलेली. तुम्ही म्हणालात, "चिंचोक्याचा डबा वरच ठेवते मी. बारक्यांच्या हाती देत न्हाय. पर त्या दिवशी माज्या नजरेतनं सुटलं, ते खरं हाय." सबब सांगितली नाहीत. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर कदाचित चिंचोके तेवढे काढायला सांगितले असते. मी भेटीच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: अस्वच्छ व असुरक्षित साहित्य आढळले, सर्व साहित्य तात्काळ हटवावे, पुरवलेली खेळणी वापरावीत.

मी लिहिताना तुम्ही माझ्या हाताकडे बघत होता. "अजून डाव्यानंच लिवताय की," तुम्ही म्हणालात.

मी शेरा पुरा केला. सही केली, तारीख टाकली. तुम्ही माझ्यासमोरच एकेक डबा उचललात आणि मागच्या उकिरड्यावर रिकामा केलात. मुलं दारात येऊन बघत होती. एका मुलीने विचारलं, "बाई, गाडी पन टाकायची?" तिच्या हातात चिपाडाची अर्धी गाडी होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी काही बोलले नाही, म्हणून तुम्ही ती तिच्या हातातून घेतलीत आणि टाकलीत. मग हात धुऊन चहा केलात. चहात आलं होतं. मी पूर्ण प्याले.

पुढच्या भेटीला गेले तेव्हा मुलं प्लॅस्टिकची चाकं एकमेकांवर रचत होती आणि तुम्ही एकेका मुलाचं वजन करत होता. सगळं नियमाप्रमाणे होतं, मी चांगला शेरा दिला. नंतर तुम्ही निवृत्त झालात. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात मीटिंगमध्ये होते. "अरेरे," म्हणाले आणि पुढच्या मुद्द्यावर आले. मातीला आले नाही, दहाव्यालाही नाही. रजा मिळाली असती.

त्या प्रशिक्षणात मी सेविकांना सांगितलं की तीन वर्षांखालच्या मुलांना बिया द्यायच्या नाहीत, लहान बियांचे डबे उंचावर ठेवायचे, मुलांना खाली पडलेलंच वेचायला शिकवायचं. परिपत्रकात हे होतंच, मी काही भर घातली नाही. टाळ्या वाजल्या. कुणीतरी गाडीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, त्याखाली साहेबांनी 'अभिनव उपक्रम' असं लिहिलं. मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे लिहायला बसण्याआधीच ठरलं होतं. माफी मागावी म्हणून सुरुवात केली, पण ती येत नाही, आणि खोटी लिहायची नाही. पोराच्या नाकात चिंचोका गेला होता. तसा अर्ज आज आला तर बहुतेक मी आजही काहीतरी लिहीनच. तेवढं माझ्यात बदलेल असं वाटत नाही. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तक्रारीच्या त्या दिवशी खोलीत एकच खुर्ची होती, तुमची. मी आल्या आल्या तिच्यावर बसले. तो शेरा लिहून होईपर्यंत तुम्ही उभ्या होता, आणि मी तुम्हाला बसा म्हणाले नाही.