हरिसिंगाची बाजू

२८ जानेवारी २०२५

ती. सौ. भागिरथाताईस,
विजूचा शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण कामरगावला तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि माझी फजिती अख्खं घर ऐकतं. म्हणून लिहायला बसले.

परवाच्या ग्रामसभेत माझी पार शोभा झाली. बाजाराचे ओटे बसथांब्याजवळ बांधायचे, हा माझा ठराव. हरिसिंगानं, तोच आमचा विरोधातला सदस्य, उठून विचारलं की पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साचतं, भाजीवाल्या बाया काय होडीत बसतील? लोक हसले. मी मेहरबीकडे पाहिलं. माझी उपसरपंच, इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली, पण ती पदर सारखा करत बसली. ठराव लांबणीवर पडला. मार्चच्या आत झाला नाही तर निधी परत जाईल आणि बाया रस्त्याच्या धुळीतच बसतील.

मेहरबीला पाण्याचं माहीत होतं ना? मग मिठाची गुळणी का धरली? वाशिमला माझा सत्कार झाला तेव्हापासूनच तिचं बिनसलंय. मीही बोलणं सोडलंय. सरपंच मी आहे की ती?

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त लागेल.

तुझी,
विजू


३ फेब्रुवारी

चि. सौ. विजयमालास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, रागावू नकोस. मला एक सांग. दर सभेच्या आदल्या संध्याकाळी तू मेहरबीच्या ओसरीवर जातेस, ती हरिसिंग होऊन तुझ्या ठरावाच्या चिंध्या करते आणि तू रडकुंडीला येऊन उत्तरं शोधतेस, हे तूच कौतुकानं सांगायचीस. या वेळी गेली होतीस का? पत्रात त्याचं अक्षर नाही. सत्काराच्या भाषणात तिचं नाव घेतलंस का? तेही नाही. हार गळ्यात पडला की मान ताठ होते, बाई.

मुकाट्यानं तिच्या घरी जा आणि चहा मागून पी.

माया आहे म्हणूनच टोचते.

तुझी ताई


१७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेले बाई. चहा मिळाला, पण मेहरबी माझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणे. जागा बरोबर हाय, ठराव बरोबर हाय, मले कायले इचारता, तुमी तं सत्काराच्या सरपंच. त्या होला हो करण्यानं माझा जीव घाबरा झाला. ती भांडत नाही म्हणजे मी सभेत पुन्हा उघडी पडणार, हे मला दिसत होतं.

शेवटी चिडून मीच हरिसिंग झाले. कमरेवर हात ठेवून माझ्याच ठरावाला नावं ठेवू लागले. तिला राहवेना. म्हणाली, हरिसिंग इतका बावळट नाही. मग स्वतःच सुरू झाली. पाणी, ऊन, जीपगाड्यांची गर्दी, मला बोलायला जागाच ठेवली नाही. वर भाषणात तिचं नाव घेतलं नाही, तेही सुनावून घेतलं. मला रागही आला आणि बरंही वाटलं. शाळेमागची उंचवट्यावरची जागा तिनंच सुचवली.

कालच्या खास सभेत हरिसिंगाला विचारायला काही उरलं नाही. ठराव मंजूर झाला. जाता जाता तो म्हणाला की जागा भारी शोधली, पण डोकं उपसरपंचबाईचं दिसून राह्यलं. इतकी खटपट करून हेच ऐकायचं. अंगाचा तिळपापड झाला, ताई, खोटं कशाला सांगू. त्याच तिरिमिरीत मी ग्रामसेवकांना सांगितलं, सूचक म्हणून मेहरबीचं नाव लिहा.

मेहरबी माझ्यावरच उखडली. म्हणे, आता ओटे खचले तं गाव शिव्या मलेच देईन.

मी तिला म्हटलं, अर्ध्या मले.

आशीर्वाद दोघींना पाठव.

तुझी,
विजू