कानबाईच्या नथीतला दिवा

२० जुलै, रविवार. सकाळी साडेनऊ.

लिही गं सुलक्षणा. मी बोलते, सून वहीत उतरवते. मला अक्षर येत नाही, त्यामुळे माझी वही माझ्यापासूनसुद्धा गुपित आहे.

संकल्प: कुणाचा हेवा करायचा नाही.

धाकट्या जावेने, कुंदाने, फोनवर फोटो पाठवला. ती जळगावला मेहरूणमध्ये राहते. तिच्या देव्हाऱ्यातल्या देवीच्या नथीत दिवा. पांढरा, लखलखीत. भाऊबंदांपैकी तीस जणांनी फोटोखाली हात जोडले म्हणे. मीही सुलक्षणाला जोडायला लावले. फोटो मोठा करून तीनदा पाहिला, पण तो फक्त तार कुठून नेली ते कळावं म्हणून.

२२ जुलै, मंगळवार. दुपारी एक.

शेजारची लताबाई येऊन बोलून गेली. कुंदाबाईचा हॉल केवढा मोठा शे! कानबाई तिथे काय शोभेल!

आमच्या भाऊबंदांची देवी, कानबाई, छप्पन्न वर्षं माझ्या घरात बसते. नागपंचमीनंतरचा रविवार. नारळाला नथ घालायची, पातळ नेसवायचं, सगळ्यांचे रोट, जाड पोळ्या, भाजायचे, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. यंदा भाईदास भाऊ, आमच्यातले सगळ्यांत वडील, सोमवारी विचारणार आहेत की पुढच्या वर्षी कुणाकडे बसवायची. आजवर कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात हे कुणी भरलं, ते मी विचारलं नाही. मला माहीत आहे.

ठरलं. यंदा माझ्या कानबाईच्या नथीत दिवा लागणार. घरी केलेला. विकतचा काय, कुणीही लावील.

२४ जुलै, गुरुवार. सव्वाचार.

बसने अमळनेरला जाऊन आले. चिंधाचं रिपेरिंगचं दुकान. पांढरा एलईडी मागितला. म्हणाला, आक्का, पांढऱ्याला जोर जास्त लागतो, तुम्ही लाल न्या. पण लालला पण दोन सेल लावा, एकामागे एक. एकट्या सेलवर तो डोळा उघडत नाही.

लाल घेतला. पांढरा दिवा दवाखान्यात पण असतो.

सेल मात्र एकच लावणार. हे घर मी एकटीने ओढलं, माझ्या सेलला जोडीदार कशाला? भिंतीवरच्या घड्याळातला काढून घेतला. कुणाला कळलं नाही.

२५ जुलै, शुक्रवार. घड्याळात सव्वाचार.

सुलक्षणा फोनमधली वेळ लिहायला निघाली होती. तिला सांगितलं, या घरात भिंतीवरची वेळ चालते.

एलईडीला दोन पाय असतात. एक लांब, एक आखूड. कुठला कुठे लावायचा ते चिंधा सांगत होता, तेवढ्यात बस आली. पण त्यात विचारायचं काय? लांब ती थोरली, आखूड ती धाकटी. सेलची एक बाजू सपाट, पाटासारखी. दुसऱ्या बाजूला बोंड. थोरलीने पाटावर बसावं, धाकटीने बोंडाला टेकून उभं राहावं. घराची रीत आहे ती.

तसं जोडलं. लागला नाही. सेलमध्ये खोट आहे.

२७ जुलै, रविवार. सव्वाचार.

सेल गच्चीवर उन्हात ठेवला. ऊन दहा मिनिटं पडलं. घरधन्यांनी, म्हणजे आबांनी, विचारलं, घड्याळ काबर बंद शे? म्हटलं, सेलला ऊन देते, अंगात ताकद येते त्याच्या. म्हणाले, मंग माले बी बसाड त्याच्याशेजारी. या माणसाला छप्पन्न वर्षांत कशाचं गांभीर्य आलं नाही.

सुलक्षणा म्हणते, आई, पाय उलटे करून बघा ना.

धाकटीला पाटावर? माझ्या घरात? तिला म्हटलं, तू फक्त लिही.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी. सव्वाचार.

कुंदाचा फोन. आक्का, काही आणू का? म्हणजे माझ्या घरात काही कमी आहे. म्हटलं, बठ्ठं शे, सगळं आहे घरात. मग म्हणे, लवकर येते, रोटांना हात लावते. समजले. घर मापायला येते.

१ ऑगस्ट, शुक्रवार. सव्वाचार.

दार लावून पाय उलटे केले. फक्त सेलचा दोष सिद्ध करायला. धाकटी पाटावर, थोरली बोंडावर. पदराचा अंधार करून पाहिलं. लाल ठिपका दिसला, मुंगीच्या डोळ्याएवढा. किंवा तो माझ्याच डोळ्यातला असेल.

म्हणजे धाकटीला मान देऊनही भागत नाही. पण आता परत फिरवायला कंटाळा, राहू दे तसंच. ही नजर आहे. फोटोतूनही लागते.

आज ओवाळून टाकलं. रविवारी लागेल.

३ ऑगस्ट, रविवार. सव्वाचार, पण बाहेर दिवे लागलेत.

कानबाई बसली. तार पातळाच्या निऱ्यांतून नेली, सेल नारळामागे दडवला. घर भरलं. कुंदा आली ती हातात चिमुकला पंखा घेऊन, सेलवर फिरणारा. गरम तिला एकटीलाच होतं.

मी जाहीर केलं, यंदा नथीत दिवा शे, बघा. बठ्ठे वाकले. भाईदास भाऊंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. म्हणाले, असेल, असेल, आता नजर गेली माझी.

मागून कुंदा डोकावली. आक्का, सेल एकच व माय! आणि तो बी थकेल शे.

तिने पंख्यातला एक सेल काढला, माझ्या सेलच्या पाठीला लावला, वर चिंधीची गाठ मारली.

दिवा लागना! बायका ओरडल्या. खरंच लागला, लालबुंद, कुंकवासारखा. एवढा छान दिसेल असं मलाही वाटलं नव्हतं. हे लिहू नको.

सगळ्यांच्या तोंडी एकच, कुंदाबाईंनी दिवा लावला. पाय कुणी जोडले, तार कुणी ओढली, एकानेही विचारलं नाही. कुंदाचा पंखा बंद पडला. गाणी संपेपर्यंत पदराने वारा घेत बसली होती. बसू दे.

४ ऑगस्ट, सोमवार. सव्वाचार.

नदीवरून आलो. भाईदास भाऊंनी विचारलं, पुढच्या वर्षी कोणाकडे? मी पंधरा दिवस भाषण घोटून ठेवलं होतं. छप्पन्न वर्षांपासून सुरू होणार होतं. तोंड उघडलं, तर कुंदाच आधी बोलली. नही भाऊ, आक्काकडेच. एवढ्या माणसांचे रोट, त्यात आमचा तिसरा मजला, माले नही झेपाव. मी आपली खावाले येसू.

सगळे हसले. विषय संपला. जेवायला बसले.

मी जिंकले. सुलक्षणा, जिंकले असं मोठ्या अक्षरात लिही.

पण तिला नको होती? एकदा तरी मागून पाहायची! छप्पन्न वर्षांची माझी कानबाई, नुसती हवीशीसुद्धा वाटू नये? रागाने तिच्या ताटात दोन रोट जास्त वाढले. खुशाल खाल्ले तिने. वर म्हणते, आक्का, तुना हातनी चवच न्यारी.

जाताना तिचा सेल इथेच राहिला. माझा तर नदीवर पोचायच्या आधीच संपला होता, फेकून दिला. तिचा घड्याळात घातला. चालेना. सुलक्षणा म्हणे, आई, बोंड इकडे, पाट तिकडे. तिनेच फिरवला.

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं.

मेला केवढ्याने टिकटिक करतो. कुंदाचा आहे.