कोपऱ्यातलं घड्याळ

सुम्बुलचे अब्बा,

सुम्बुलला घेऊन पोलादपूरला तिच्या कॉलेजात जातेय. आज अकराची तिची ऑनलाइन तोंडी परीक्षा चुकली. मॅडम पुन्हा घेतील का, ते विचारायचंय.

चांगल्या चालत्या कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून तुम्ही त्यात ते फुकटचं लिनक्स घातलंत. तेही आपोआप बसणारं नको, एकेक कमांड हाताने लिहूनच हवं. चार दिवस काळ्या स्क्रीनपुढे बसलात. वायफाय लागेना, आवाज येईना, तरी तुमचं ‘झालंच आता’ चालूच. काल एकदाचं ते सुरू झालं, तर मोहल्लाभर सांगत फिरलात, जसा काही कशेडीचा बोगदा एकट्याने खणलात.

अभ्यासात लक्ष लागावं म्हणून पोरीने मोबाइल कपाटात ठेवला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघत वाचत बसली. त्यात साडेनऊ वाजले, तेव्हा इथे महाडात अकरा वाजले होते.

घड्याळासाठी शहर कुठलं, असं मशीनने तुम्हाला विचारलं असणार. बाकी सगळं नेटवर बघून बघून लिहिलंत. दुबई तेवढं न बघता लिहिलंत.

भात आणि सुकटीचं कालवण झाकून ठेवलंय. शहरांच्या त्या यादीत महाड नसतं, कोलकाता टाकावं लागतं, असं सुम्बुल म्हणते. तेवढं टाका, मशीनचं भागेल. मला मात्र संध्याकाळी तुमच्या तोंडून ऐकायचंय. पंधरा दिवसांची सुट्टी म्हणून दुबईहून आलात, त्याला पाच महिने झाले. ही सुट्टीच आहे ना?

नाझिया