दुपारची खोली माझी

आई, मी बोलतेय आणि तुझी नातसून लिहून घेतेय. मध्येच हसते ती. अक्षर वाकडं आलं तर दोष तिचा. मला काय, सरळ-वाकडं सारखंच. पण आज पोटात मावत नाहीये, म्हणून तिला हातातली भाजी टाकून बसवलंय.

हिची मुलगी अकरा वर्षांची झाली, शाळेत घातलेली नाही. तू मलाही घातलं नव्हतंस, पण पोरीला विचारून घरी ठेवलंय, एवढाच फरक. इथल्या हिंदी मुलखात, नानाखेड्यातल्या शेजारणी विचारतात, "माताजी, बच्ची स्कूल नहीं जाती?" मी म्हणते, "हम भी नहीं गए, देखो, ज़बान तो चलती है!" तर पोरगी दिवसभर घरात. माझ्या पलंगावर उड्या, माझी पेटी उघड, जरा डोळा लागला की "आजी, हे बघ!" मी ओरडायचे, "मुलींनी दुपारी गप्प बसावं!" सून म्हणाली, "आई, हे तिच्यावर बंधन झालं. तिला काय करायचं ते ठरवू नका, तुम्हाला काय हवंय ते सांगा. ती तुमची हद्द." मला काय हवंय? सगळी संध्याकाळ त्यातच गेली गं. आजवर कोणी विचारलंच नव्हतं ना.

काल मी सांगून टाकलं, "जेवणानंतर चहापर्यंत ही खोली माझी. तू घरभर नाच, पण इथे विचारून यायचं." पोरीचं तोंड एवढंसं झालं. म्हणते, "मी तुला नकोय?"

आणि मला तू दिसलीस. तू सोवळ्यात, ओलं लुगडं, चुलीपुढे. मी मिठी मारायला धावत येतेय आणि तू ओरडतेस, "शिवू नकोस!" मी न्हाणीपाशी जाऊन रडते. मला वाटायचं, मी तुला नकोय. सासू, नवरा, आम्ही पाच पोरं, सगळे तुला ओढत असायचो. तेवढ्या वेळात मात्र तुला कोणी हात लावू शकत नव्हतं. देवाचं नाव होतं, पण ती हद्द तुझीच होती ना? एकदा सांगायचंस तरी.

मी सांगितलं. पोरीला जवळ घेऊन म्हटलं, "तू हवीसच. दुपारी मात्र मला मी हवी आहे." ती हात सोडवून बाहेर गेली. रात्री जेवायलाही माझ्याशेजारी बसली नाही. मला वाटलं, गेली पोर हातची.

आज जेवणं झाली. पडद्याबाहेर पावलं थांबली. "आजी, आत येऊ?"

आई, माझ्या उभ्या जन्मात दाराशी थांबून मला असं कोणी विचारलं नव्हतं!

हे पत्र पाठवायचं नाहीये, ते बरंच. सूनबाई, पोरीला हे वाचून दाखवू नकोस: मी "थांब जरा" म्हटलं. काम काहीच नव्हतं.