तुझ्या आईला न मानवलेली गाडी

अहमदपूर,
शुक्रवार, दुपार

प्रिय राजकन्या,

मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी मी एका एस.टी.च्या मागे मागे लोह्यापर्यंत तू दिलेली गाडी चालवत गेलो. तुला हसू येईल, पण खरंच गेलो. त्या दिवशी तुझ्या आईला नांदेडला मणक्याच्या डॉक्टरांकडं दाखवायचं होतं. मी रजा टाकतो म्हणालो, तर ती म्हणाली, "कशाला? सिंधुच्या पाहुण्यांची जीप चाललीय, आम्ही दोघी जाऊन येतो. तुम्ही कचेरीत जा." मीही फार खोदून विचारलं नाही. लिंगपूजा आटोपली, भाकरी खाल्ली, तिला स्टँडवर सोडलं आणि बाजार समितीच्या कचेरीकडं निघालो. गाडी लावताना पाहतो तर मागच्या सीटवर तिची एक्स-रेची पिशवी तशीच. परत फिरलो, स्टँडवर त्या दिसेनात म्हणून सिंधुमावशीच्या घरी गेलो. तिची सून दारातच तांदूळ निवडत होती. मी जिपेचं विचारलं तर म्हणाली, "कुठली जीप, काका? त्या दोघी एस.टी.नं गेल्या की. हर वेळंला एस.टी.नंच जातात."

बस नुकतीच सुटली होती. माळेगावच्या अलीकडं मी तिला गाठलं. पुढून ट्रक येत होते म्हणून बराच वेळ मागेच राहावं लागलं. मग रस्ता मोकळा झाला आणि मी बसच्या बाजूला आलो, तेव्हा खिडकीत तुझी आई दिसली. सीटवर मस्त मांडी घालून बसली होती. पदर वाऱ्यानं उडत होता, हातात फुटाण्याची पुडी होती. सिंधुमावशी काहीतरी सांगत होती आणि तुझी आई तोंडाला पदर लावून हसत होती. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला मी असं हसताना पाहिलं नव्हतं. खंडोबाच्या देवळाच्या दिशेनं हात जोडायचे ते मी विसरलो आणि तिच्याकडंच बघत राहिलो. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आलो.

लोह्याच्या स्टँडवर बस थांबली. मी पिशवी घेऊन खिडकीखाली उभा राहिलो. मला पाहून तिचा चेहरा असा पडला, जसा शाळेत कैऱ्या चोरताना सापडलेल्या पोरांचा पडतो. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पोरीला सांगू नका." एवढंच. दुसरं काही नाही. कंडक्टर वरून ओरडला, "काका, चढायचं असंल तर चढा, न्हाईतर नवरा-बायकोचं घरी जाऊन बोला!" अख्खी बस हसली. बस गेली आणि मी तुझ्या गाडीत एकटाच बसून अहमदपूरला परत आलो. येताना पहिल्यांदा नीट लक्ष देऊन त्या गाडीच्या खोल सीटवर बसलो. माझेही गुडघे दुखत होते, राजकन्या. इतके दिवस मी ते वयाच्या नावावर घालत होतो.

आता तुला सगळं सांगतो. गाडी वाईट नाही. दिसायला राजबिंडी आहे, इंजिनाचा आवाज येत नाही, थंड हवा लगेच येते. पण ती जमिनीला टेकलेली आहे. तिच्यात बसायचं म्हणजे आधी खाली वाकायचं, मग कंबर आत टाकायची, मग पाय ओढून घ्यायचे. उतरताना तर विहिरीतून वर आल्यासारखं वाटतं. सीट खोलगट, दोन्ही बाजूंनी उचललेली. तुझ्या आईनं सगळा जन्म मांडी घालून काढला. स्वयंपाक, जेवण, भजन, गप्पा, सगळं. त्या सीटवर मांडी बसत नाही आणि पाय खाली सोडले की सुजतात. त्यात आम्ही एक शहाणपणा केला. "तुझ्या लेकीची गाडी, तर तुझा मान पुढचा," असं म्हणून मी तिला हमेशा पुढंच बसवत आलो. ती म्हणायची मागं बसते, थोडं आडवं होता येईल. मी म्हणायचो, छे, लेकीच्या गाडीत आई मागं बसली तर लोक काय म्हणतील. अशा रीतीनं सगळ्यात खोल सीट मानाची म्हणून तिच्या वाट्याला आली.

उपाय करायचे राहिले नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात तर आम्ही सीटवरचं प्लॅस्टिकच काढलं नव्हतं. लीजची गाडी, हप्ते तुझे, कागद माझ्या नावावर, पण मुदत संपली की परत द्यायची, मग मळवायची कशाला, असा तुझ्या आईचा हिशेब. त्या प्लॅस्टिकवर ती लातूरपर्यंत घसरत जायची आणि ब्रेक लागला की पुढं यायची. शेवटी नरसिंगनं ते फाडून टाकलं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो तो नरसिंग, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "गुरुपादप्पा, पाहुण्याची म्हैस आणली तुम्ही. दूध काढायला भेता आन् शेण तेवढं काढता." मग आईनं वाकळेच्या घड्या घालून सीट उंच केली. सीट उंच झाली तर डोकं छताला लागायला लागलं. मान खाली घालून बसावं लागायचं. मी विचारलं, जमतंय का? तर म्हणाली, "जमतंय की. देवळात बसल्यावानी वाटतंय." चढायला सोपं जावं म्हणून दारापाशी जेवणाचा पाट ठेवून पाहिला, तर त्यावरून पाय घसरून ती पडता पडता वाचली. एकदा मी म्हणालोच की ही गाडी काही कामाची नाही. तर माझ्यावरच उलटली. "गाडी चांगली हाय. माझं कंबरडंच अडाणी हाय."

आणि हे सगळं चालू असताना तुला फोटो जात होते. दर वेळी निघण्याआधी ती गाडीला टेकून उभी राहायची, पदर नीट करायची, मला म्हणायची, "काढा, पोरीला पाठवा." मी काढायचो, पाठवायचो. मग म्हणायची, मला नुसतं स्टँडपर्यंत सोडा, सिंधु तिथं वाट पाहतेय. तिथून कोणाच्या तरी जिपेत जाणार, असं मी समजायचो. त्या सोमवारी कळलं की जीप कधी नव्हतीच. एस.टी.सुद्धा आदळते, हे मला माहीत आहे. पण तिथं तिला पाय वर घेता येतात, कंबर भरून आली की दांडा धरून उभं राहता येतं. मी मुद्दाम डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यांनी मलाच विचारलं, "खोल सीटच्या गाडीत बसवता का? अजिबात बसवू नका. दुखणं जुनं होऊन बसेल." तुझ्या आईनं त्यांना गाडीचं कधी सांगितलंच नव्हतं. तिथं सांगितलं तर तुझ्या कानावर जाईल, अशी तिला भीती.

त्यानंतर बरेच दिवस मी विचार केला. रोज सकाळी पूजेला बसल्यावर हाच विषय मनात यायचा, आणि मंत्र मध्येच तुटायचा. कौल लावावा असंही एकदा वाटलं. पण सीट खोल आहे की नाही हे महादेवाला काय विचारायचं? त्यानं डोळे दिलेत, गुडघे दिलेत. मग ठरवलं की गाडी परत करायची. मुदत संपायची वाट पाहायची नाही.

पुढचा प्रश्न तुझा होता. मला ठाऊक आहे, ही बातमी ऐकल्याबरोबर तुझ्या मनात पहिली गोष्ट काय येईल. अप्पांच्या मनात अजून ते आहेच, लेकीचं घेऊ नये ते. आपल्यातली जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीही पीत नाहीत, हे तू लहानपणापासून बघितलंस. गाडी आली तेव्हा भावकीत कोण काय बोललं तेही तुझ्यापर्यंत पोचलं असेल. पण मी त्या दिवशीच मनाशी मिटवलं होतं. तुला शिकवताना मी लेक म्हणून हात आखडला नाही, मग तू देताना लेक म्हणून हात मागं का घ्यायचा? तू आणखी काही दिलंस तर घेईन. तिला मांडी घालून बसता येईल असं काहीही. हे जावईबापूंनाही वाचून दाखव.

म्हणून नांदेडच्या त्या कंपनीच्या ऑफिसात गेलो तेव्हा कारण खरंच लिहायचं, असं ठरवून गेलो. तिथं पुनम नावाची मुलगी होती, तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असेल. फार अदबीनं बोलली. मुदतीआधी सोडली तर भुर्दंड बसतो म्हणाली. मी म्हणालो, भरतो. तिनं कॉम्प्युटरवर कारण विचारलं. बदली झाली का? नाही. दुसरी गाडी घेतली का? नाही. "मग काका, आर्थिक अडचण टाकते. सगळे तेच टाकतात, लवकर मंजूर होतं." मी म्हणालो, बाई, तसं टाकू नको. माझी लेक कमावती आहे, आणि तिनं हौसेनं दिलेली गाडी आहे. उद्या कोणी वाचलं तर तिला कमीपणा येईल. "मग काय टाकू?" बसवत नाही, असं टाक. ती हसली. असं कारण यात नाहीच म्हणाली. मी म्हणालो, नसेल तर मी बसतो इथं, तुमच्या साहेबांना विचार. आणि बसलो. तिथली खुर्ची चांगली होती. शेवटी तिचे साहेब बाहेर आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि कुठंतरी 'इतर' असं होतं, त्यात मराठीत लिहिलं, 'सीट खोल असल्याने बसता येत नाही.' मी वाचून पाहिलं आणि मगच सही केली. भुर्दंड माझ्या पगारातून भरला. तो विषय संपला, त्यावर फोन करू नकोस.

तुझ्या आईला सांगितलं तेव्हा ती आधी रागावली, मग रडली, मग चुलीपाशी जाऊन शेंगदाणे भाजायला लागली. मी विचारलं हे काय? तर म्हणे, "शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत करतेत का? लेकीच्या नावानं आलेली गाडी हाय, रिकामी कशी पाठवायची?" आज सकाळी गाडी द्यायला गेलो तेव्हा पुढच्या सीटवर, त्या मानाच्या सीटवर, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता. पुनमला समजेना. गाडी तपासणाऱ्या माणसानं कागदावर कुठला चरा, कुठला डाग लिहिता लिहिता विचारलं, "काका, हे सामान राहिलं का तुमचं?" मी म्हणालो, राहिलं नाही, ठेवलंय.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. गाडी परत केली एवढंच सांगायचं असतं तर फोन पुरला असता. तू गाडी का घेतलीस, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आली नाहीस. सुट्टी मिळाली नाही म्हणालीस, मीही सगळ्यांना तेच सांगितलं. पुढच्याच महिन्यात दारात गाडी उभी राहिली. तेव्हापासून तू घरी आलेली नाहीस, बाळ. फोनवर तू विचारतेस, गाडी कशी आहे? ती सांगते, लई मऊ हाय. ती कशी आहे हे विचारायला तुला धीर होत नाही आणि तू कधी येतेस हे विचारायला तिला. तुम्हा दोघींच्या मध्ये ती गाडी उभी आहे आणि दोघीही तिच्या आडून बोलताय. तिच्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला होता, की राजकन्या जेवली का, आणि म्हणाली, मला दुखतंय म्हणून तिला कळवू नका, उगंच घाबरेल. तू तिचं काही देणं लागत नाहीस. फेडायचं काही नाही. रिकाम्या हातानं ये, चार दिवस राहा, तिच्या कमरेला तेल लाव. हे फोनवर सांगितलं असतं, तर तू रडून, रागावून, नवी उंच गाडी पाठवते म्हणून मला गप्प केलं असतंस, आणि मी पुन्हा 'बरं बाई' म्हणालो असतो. म्हणून आज आधी चावी देऊन आलो, आणि मग लिहायला बसलो.

तुझाच,
अप्पा