सू पाच

९ नोव्हेंबर
चर्चहून आले तर वहिनी परसात दादाच्या फळीवर गोधडी धोपटत होती. निळ्या पट्ट्याची फळी, माझ्याकडच्या पाचांतली सर्वांत जुनी. मी म्हटलं, "वहिनी, सर्फबोर्ड आहे तो."
"ठाऊक आहे. पाण्यासाठीच केलाय ना? पाणीच घालतेय."
पुसून शेडमध्ये परत उभी केली. पट्ट्यावर ओरखडा आलाय. मधल्या लाकडी पट्टीवर, काचेसारख्या थराखाली, पेन्सिलीने लिहिलेलं 'सू ३' मात्र सुखरूप. सवयीने त्यावरून बोट फिरवलं.
दादा गेल्यापासून या केडगावच्या घरात आम्ही दोघीच. त्याची बायको आणि त्याची बहीण. तो असता तर आमच्यात निदान एक माणूस बसलं असतं.

१२ नोव्हेंबर
गोव्याहून कामतांचा फोन. जुने सर्फबोर्ड जमवतात, ते घडवणाऱ्यांवर पुस्तक करताहेत. मी पाठवलेले फोटो पाहिले म्हणाले. "पण आंटी, हे सगळे टोनीचे मानले जातात. टोनीचं स्टिकर आहे."
म्हटलं, टोनी किनाऱ्यावर विकायचा. करायचा माझा भाऊ. पावसाळ्यात किनाऱ्यावरचं सगळं बंद झालं की दादा फोमचे ठोकळे ट्रकवर टाकून घरी यायचा, आमच्या शेडमध्ये तासायचा आणि दसऱ्याच्या आत परत न्यायचा. ज्याला पोहता येत नव्हतं त्याने समुद्रापासून इतक्या लांब बसून...
"काही पुरावा?"
"प्रत्येकावर मराठीत 'सू' आहे. मला सू म्हणणारा तो एकटा. बाकी सगळ्यांची मी सुशी."
ते म्हणाले, "आंटी, हे तर पुस्तकाचं पहिलं पान झालं."
दिवसभर पाय जमिनीवर नव्हते. वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

१६ नोव्हेंबर
राजूर. तिथल्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोटो पाठवला होता, म्हणून पहाटेची गाडी धरली. बाजारात एक बाई सुकट-बोंबील मांडून बसली होती आणि खाली दादाची फळी.
"भंडारदऱ्याच्या तंबूवाल्यानं टाकून दिल्ती," बाई म्हणाली. "लई टनक हाय. वाळवी बी लागत न्हाई."
म्हटलं, माझ्या भावाने केलीय ही.
"मंग तुमचा भाऊ बी मासं इकायचा व्हय?"
आजूबाजूचे हसले. मीही हसले. तिथल्याच दुकानातून तिला नवं घडीचं टेबल घेऊन दिलं, तेव्हा फळी सोडली. टेम्पोत मी फळीशेजारीच बसले, ओला रुमाल घेऊन. घासता घासता अक्षर वर आलं. 'सू ५'.
सू ५ घरी एक आहेच. सू ४ काही सापडत नाही. दादा मोजण्यात चुकला असेल. तरी बहिणीचं नाव चुकला नाही.
वहिनी दारात नाक धरून उभी. "आणा. समुद्राचा वास तेवढा राहिला होता घरात."

२० नोव्हेंबर
लिहू की नको.
संध्याकाळी कामतांचा फोन. स्पीकरवर होता. वहिनी समोर लसूण सोलत होती. कामत म्हणाले, "आंटी, हे नंबर असतील तर पाच दोनदा कसा? आणि चार कुठाय?" मी म्हटलं, दादा विसरभोळा होता. फोन ठेवला.
वहिनी मान वर न करता म्हणाली, "विसरभोळा नव्हता तो. एक सूत इकडचं तिकडं झालं तर दुपारी जेवायचा नाही."
"कसलं सूत?"
तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. हसली. तिला असं पोट धरून हसताना मी लग्नातही पाहिलं नव्हतं.
"सू म्हणजे सूत गं. फळीची शेपटाकडं जाडी किती ठेवली ते. तीन सूत, पाच सूत. इंचाचे आठ भाग करायचे, त्यातला एक म्हणजे सूत. लाकडाच्या वखारीत कुणालाही विचार. माझा बाप सुतार, मला बोलायला लागल्यापासून ठाऊक. तुमच्या सिस्टरांनी फूटपट्टी फक्त हातावर मारायला वापरली."
मी म्हटलं, त्याने मुद्दाम सू लिहिलं असेल. दोन्ही अर्थाने.
"त्याने नाहीच लिहिलं. त्याचे हात फोमच्या पावडरीने भरलेले असायचे. तो मापून सांगायचा, मी लिहायची. अक्षर माझं आहे."

२१ नोव्हेंबर
लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर वहिनीची चिठ्ठी. 'लिंबू'. बू-ची शेपटी खाली जाऊन मागे वळते, मांजर बसल्यासारखी. फळ्यांवरच्या सू-ची वळते तशीच. रोज दोन वेळा ही बरणी माझ्यासमोर असते.
शेडमध्ये गेले नाही.

२२ नोव्हेंबर
विचारलं. एवढी वर्षं का नाही सांगितलंस? रिटायर झाले त्या दिवशी शाळेत मी सगळ्यांसमोर बोलले, माझ्या भावाने प्रत्येक फळीवर माझं नाव लिहिलं. बाया रडल्या. तू पहिल्या रांगेत होतीस.
"होते ना."
"मग?"
"तू एवढी छान दिसत होतीस बोलताना. मला मजा येत होती."

२५ नोव्हेंबर
दोन दिवस बोलणं नाही. आज चहा ठेवताना तीच म्हणाली. आवाज नेहमीसारखा, दाराची कडी लावल्यासारखा.
"त्या कामताला सांग. पुस्तकात एवढंच घाल म्हणावं, अक्षर मार्थाचं. मला दुसरं काही नको."
मी कप विसळायला घेतले.
"ती पावडर त्याच्या छातीत गेली, तो गेला. माझ्याही छातीत आहे. रात्रीचा खोकला तुला ऐकू येतो ना? का तो पण तुझ्याच नावाचा आहे?"

२६ नोव्हेंबर
दादा पहिल्यांदा गोव्याहून आला ती संध्याकाळ आठवत बसले. मी आठवीत. शिंपल्यांची माळ आणली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत घालून गेले, सिस्टर ॲग्नेसने काढून घेतली. घरी येऊन रडले तर दादा म्हणाला, सू, तुला अख्खा समुद्र आणून देतो.
हे तरी खरं आहे. याला कुणाच्या अक्षराची गरज नाही.
दुपारी कामतांना फोन केला. दोन पाचांचं त्यांनीच परत विचारलं. मी म्हटलं, नंबर कसलेही असोत, सू म्हणजे मी. मग म्हटलं, फळ्या बघायला घरी याल तेव्हा वहिनी काहीबाही सांगेल. वय झालंय. हल्ली तिला आठवत नाही. मनावर घेऊ नका.
"समजू शकतो आंटी. माझी आई पण तशीच आहे."
किती सहज निघालं तोंडातून. वर्गात मुलींना सांगायचे, खोटं बोललं की जीभ जड होते. झाली नाही.

६ डिसेंबर
कामत आले. कॅमेरा, मऊ कापड, हातमोजे. एकेका फळीला असे हात लावत होते की माझेच डोळे भरून आले. राजूरच्या फळीचा वास घेऊन म्हणाले, "हिने तर फार सोसलंय."
वहिनी धुवट पांढरं पातळ नेसून, केस विंचरून आली. लग्नाचे डूल घातले होते. खुर्चीत ताठ बसली आणि सगळं सांगितलं. सूत, शेपटाची जाडी, 'तो मापायचा, मी लिहायची.' मधेच खोकला. कामत मान हलवत होते. "हो का आजी? वा." मग माझ्याकडे बघून हळूच हसले.
तिला ते दिसलं. पेन्सिल मागितली. "लिहून दाखवते." सू-ची शेपटी कागदावरून घसरून कुठल्या कुठे गेली. कामतांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, घडी घालून वहीत ठेवला. शाळेत लहान मुलाचं चित्र घेतात तसा.
जेवायला वाढलं. कामत म्हणाले, "लोणचं आहे का थोडं?"
"संपलं," मी म्हटलं.
वहिनी म्हणाली, "संपलं कसं? परवाच नवी बरणी उघडलीय. लिंबाची. इथेच होती टेबलावर."
"नाही गं वहिनी. गेल्या महिन्यातच संपली. विसरलीस."
बरणी माझ्या कपाटात होती, साड्यांच्या मागे. सकाळीच ठेवली होती.
वहिनीने टेबलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ती काही बोलेल म्हणून मी घास तसाच धरून थांबले. ती म्हणाली, "असेल." आणि भात कालवायला लागली.
कामतांनी जाताना तिच्या पायांना हात लावला.

१० डिसेंबर
कामतांनी पान पाठवलंय, मोबाईलवर. राजूरच्या फळीचा फोटो अख्ख्या पानभर. खाली दादाचं नाव, टोनीचं नाही. दादाचं. त्याखाली: 'सू', म्हणजे धाकटी बहीण सुझन, हिच्यासाठी त्याने प्रत्येक बोर्डावर केलेली खूण.
"आंटी, फायनल करू?"
किती वेळा वाचलं. फार सुंदर मांडलंय.
वहिनी सकाळपासून करंज्यांचं सारण भाजतेय. खोकल्याची उबळ आली की झारा थांबतो, मग परत सुरू.

१२ डिसेंबर
कामतांचा परत मेसेज. छापखाना थांबलाय म्हणे. 'करा' असं मी अजून कळवलेलं नाही.
दुपारी जेवायला बसले तर बरणी टेबलावर. साडीच्या घडीतली डांबराची गोळी चिकटली होती झाकणाला, ती तशीच ठेवलेली. चिठ्ठीची बाजू माझ्याकडे वळवून. वहिनीने माझा मोबाईल उचलून ताटाशेजारी नीट ठेवला, मग चमचा बरणीत घातला.
आजवर तिने मला कधी त्या नावाने हाक मारली नव्हती.
"वाढू का, सू?"
मी ताट पुढे केलं.